'सहाय्यक' या शब्दाचा इतिहास: एएनएमला जीएनएम व्हायचे असेल, तर मधल्या पायऱ्या कुठे आहेत?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रात्रपाळी करणारी अधिपरिचारिका आणि सिल्लोड तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रावर राहणारी आरोग्यसेविका, या दोघींनाही माणसे 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. दोघींचीही नावे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली असतात. मात्र नोंद वेगवेगळ्या वर्गात असते. एक 'नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका', दुसरी 'सहाय्यक परिचारिका प्रसाविका'. बोलीभाषेत पहिली जीएनएम, दुसरी एएनएम.

दुसरीने पहिली व्हायचे ठरवले, तर नियम तिला अडवत नाही. दहा वर्षांच्या नोकरीनंतरही तिला जीएनएमला प्रवेश मिळू शकतो. पण तिला बसावे लागते पहिल्या वर्षाच्या पहिल्या बाकावर, नुकत्याच बारावी झालेल्या मुलींच्या शेजारी. तिने केलेली बाळंतपणे, दिलेल्या लसी, लिहिलेली रजिस्टरे यांपैकी कशाचीही वजावट तिला मिळत नाही.

हे असे का झाले? कोणा एका अधिकाऱ्याच्या कठोरपणामुळे नव्हे. या धाग्याची गोष्ट १९४६ च्या एका अहवालापासून सुरू होते, पण आधी थोडे मागे जायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात परिचर्येचे शिक्षण सुरू झाले, ते मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि मिशनच्या दवाखान्यांत. परिचर्येची पाठ्यपुस्तके १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून देतात. मिरजेच्या मिशन रुग्णालयाने १८९७ मध्ये आपली शाळा काढली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयाच्या साह्याने हिंदू स्त्रियांसाठी, त्यातही विधवांसाठी, परिचर्येचे वर्ग चालवायला घेतले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे, रात्री घराबाहेर ठेवणारे काम पांढरपेशा घरातल्या बाईने करावे, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना सोसवत नव्हती. सेवासदनाचे धाडस मोजायचे, ते या पार्श्वभूमीवर.

मुंबई इलाख्यात १९३५ च्या कायद्याने परिचारिका, सुईणी आणि आरोग्य-अभ्यागत यांची नोंदणी सुरू झाली. 'नोंदणीकृत' हा शब्द तेव्हापासून कायद्याच्या बळावर उभा आहे. पण त्या वेळी औरंगाबाद मुंबई इलाख्यात नव्हते. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि मुंबईचा कायदा त्या सीमेपलीकडे लागू नव्हता. एकाच भाषेतल्या दोन परिचारिकांची व्यावसायिक ओळख अशा रीतीने दोन राजवटींत विभागलेली होती. महाराष्ट्रापुरते हे विभागलेपण कायद्याने मिटायला १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम यावा लागला.

आता त्या अहवालाकडे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. भारतीय सार्वजनिक आरोग्याचा पाया म्हणून तो आजही उद्धृत होतो. त्यातले परिचर्येचे आकडे मात्र फारसे कोणी वाचत नाही. अखंड हिंदुस्थानात तेव्हा सुमारे ७,००० परिचारिका होत्या. ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टरांचे प्रमाण ६,३०० लोकांमागे एक असे होते, म्हणजे परिचारिका डॉक्टरांहून कितीतरी दुर्मीळ होत्या. समितीने १९७१ पर्यंत ७,४०,००० परिचारिकांचे उद्दिष्ट सुचवले. पंचवीस वर्षांत शंभरपटीहून अधिक!

ही संख्या गाठायची कशी? त्या काळी मॅट्रिक झालेल्या मुली होत्या किती, आणि त्यांतल्या परिचर्येकडे वळणाऱ्या किती? समितीने काढलेला मार्ग व्यवहार्य होता: परिचारिकांच्या दोन श्रेणी कराव्यात. वरिष्ठ श्रेणीसाठी मॅट्रिक, कनिष्ठ श्रेणीसाठी त्याहून कमी शिक्षण. शिवाय विद्यापीठाची पदवीही सुरू करावी. पदवीचा भाग त्याच वर्षी प्रत्यक्षात आला. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ मध्येच बीएस्सी नर्सिंग सुरू झाले.

येथे जगाकडे एक नजर टाकायला हवी, कारण ही दोन श्रेणींची कल्पना भारतात उगवलेली नव्हती. ब्रिटनने १९४३ च्या कायद्याने 'सहाय्यक परिचारिकां'ची वेगळी यादी तयार केली होती. पूर्ण शिक्षित परिचारिकांची 'नोंदवही' वेगळी आणि या सहाय्यकांची 'यादी' वेगळी. अमेरिकेत 'प्रॅक्टिकल नर्स' हा वर्ग त्याहून जुना. न्यूयॉर्क राज्याने १९३८ मध्ये तिला परवान्याच्या चौकटीत आणले. युद्ध आणि तुटवडा या दोन्हींनी जगभर तेच केले: शिक्षणाची उंची कमी न करता माणसे वाढवता येत नाहीत, म्हणून कमी उंचीचे दुसरे दार काढले.

भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ च्या अखेरीस झाला आणि परिषद १९४९ मध्ये अस्तित्वात आली. तोवर देशभर प्रमाणपत्रांचा गोंधळ होता. कोणी फक्त सुईण, कोणी कनिष्ठ परिचारिका, कोणी प्रांतापुरती मान्यता असलेली. परिषदेने १९५० मध्ये निर्णय घेतला की यापुढे प्रशिक्षणाचे दोनच दर्जे राहतील: पूर्ण परिचारिका-प्रसाविका आणि सहाय्यक परिचारिका-प्रसाविका. दुसरा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्याची पहिली तुकडी १९५१ मध्ये पंजाबातील तरणतारणच्या सेंट मेरी रुग्णालयात बसली.

'सहाय्यक' हा शब्द आला तो असा. तो गुणवत्तेवरचा शेरा नव्हता, टंचाईवरचा उपाय होता. अडचण ही की टंचाईवरचे उपाय टंचाईपेक्षा जास्त जगतात.

या आराखड्यात एक गोष्ट नव्हती. सहाय्यक परिचारिका पुढे पूर्ण परिचारिका होणार असेल, तर तिच्या दोन वर्षांपैकी किती काळ धरायचा, याचे उत्तर त्यात नव्हते. आराखडा आखणाऱ्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच नसावा. ही बाई खेड्यासाठी घडवली जात होती आणि तिने खेड्यातच राहावे अशी अपेक्षा होती. वर जाण्याचा जिना बांधला तर ती गावातून शहराच्या रुग्णालयात निघून जाणार, हे समजायला फार दूरदृष्टी लागत नाही. मुडलियार समितीनेही १९६१ मध्ये परिचर्येचे तीन स्तर सुचवले: चार वर्षांची मूलभूत परिचारिका, दोन वर्षांची सहाय्यक आणि पदवीधर. तीन मजले स्पष्ट आखलेले. जिन्याची रेघ पुसट.

याच दशकात मराठवाड्यात दोन वेगळ्या इमारती उभ्या राहत होत्या, शब्दशः आणि प्रशासकीय अर्थानेही.

पहिली औरंगाबाद शहरात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. या महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय म्हणजे लोकांची 'घाटी'. परभणी, बीड, जालन्यापासूनचे रुग्ण येथे येतात. येथली परिचारिका राज्य शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाखाली. तिच्या पदांची उतरंड ठरलेली: अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका.

दुसरी इमारत म्हणजे जिल्हा परिषद. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. पैठण, कन्नड, वैजापूर, सोयगाव येथल्या उपकेंद्रांवरची एएनएम ही जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली. पदनाम 'आरोग्यसेविका'. तिच्या वरची पायरी अधिपरिचारिकेची नव्हे, 'आरोग्य सहायिके'ची.

म्हणजे जिने दोन, आणि दोन वेगळ्या घरांत. ज्येष्ठता यादी वेगळी, भरती वेगळी, बदल्या वेगळ्या. अभ्यासक्रमाने दोघींमध्ये पाडलेली फट प्रशासनाने भिंतीइतकी जाड केली. या विषयावरच्या चर्चेत शिक्षणाच्या दर्जाचा मुद्दा नेहमी पुढे येतो, पण मालक वेगळे असणे हे कारण त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

सत्तरच्या दशकाने या अंतरात आणखी भर घातली. पहिल्या वीस वर्षांतली एएनएम मुख्यतः प्रसूतीची बाई होती. तिच्या हातात बाळंतपणाची पेटी असे, आणि ते काम वॉर्डातल्या परिचारिकेच्या कामाशी नाते सांगणारे होते. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये शिफारस केली की मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन यांसाठी वेगवेगळे कर्मचारी गावात पाठवण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी असावेत. एएनएमचे नाव 'महिला आरोग्य कर्मचारी' झाले. आता तिच्याकडे कुटुंबनियोजन आले, लसीकरण आले, घरभेटी आल्या, सर्वेक्षण आले आणि या सगळ्यांची रजिस्टरे आली. पुढे कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे इतकी जड झाली की बाळंतपण मागे पडले.

आणि १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला गेला.

या एका बदलाकडे नीट पाहायला हवे. काम वाढले आणि शिक्षण घटले. गावाच्या दृष्टीने याला काही तर्क होता: लवकर तयार होणारी, अधिक कामे करणारी बाई हवी होती. पण परिचारिका होऊ पाहणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फटका होता. तिचे दीड वर्षाचे शिक्षण आणि जीएनएमचे तीन-साडेतीन वर्षांचे शिक्षण यांत सामायिक भाग आक्रसला. वॉर्डात शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण सांभाळणे, शिरेतून औषध देणे, अतिदक्षता कक्षातली यंत्रे वाचणे यांपैकी फारच थोडे तिच्या दैनंदिन कामात उरले. 'हिला थेट दुसऱ्या वर्षात का घ्यायचे?' या प्रश्नाला रुग्णालयांच्या शाळांना सोपे उत्तर मिळाले. दीड वर्षाची ही मुदत तीन दशकांहून अधिक काळ टिकली. २०१२-१३ च्या सुमारास अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आणि प्रवेशासाठी बारावी आवश्यक ठरली.

मग तिच्यापुढे मार्ग कोणते होते आणि आहेत?

पहिला मार्ग घरातल्या घरात वर जाण्याचा. ठरावीक वर्षांची सेवा झालेल्या आरोग्यसेविकेला सहा महिन्यांचे पदोन्नती प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहायिका होता येते. नोकरी सुटत नाही, ज्येष्ठता बुडत नाही, तालुकाही बहुधा तोच राहतो. अनेक उपकेंद्रांवर तिची देखरेख चालते. पण नोंदणीकृत परिचारिका हे नाव तिला या वाटेने कधीच मिळत नाही. शहरातल्या रुग्णालयाची, परदेशाची किंवा पदवीची वाट या पायरीवरून निघत नाही.

दुसरा मार्ग जीएनएमचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रवेशनियमांत येथे एक लक्षवेधी ओळ आहे. सर्वसाधारण उमेदवाराला वयाची ३५ वर्षांची कमाल मर्यादा. एएनएम आणि आरोग्य-अभ्यागत यांना मात्र वयाची अट नाही. नोंदणीकृत एएनएम असणे हीच प्रवेशाची पात्रता मानली जाते. म्हणजे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की ही बाई उशिरा येईल, लेकरे मोठी करून येईल, कदाचित चाळिशीत येईल. तिच्यासाठी दार मुद्दाम उघडे ठेवले गेले. मात्र आत आल्यावर अभ्यासक्रम पूर्ण वेळ, वॉर्डातल्या ड्युट्यांसह, आणि एका वर्षाचीही सूट नाही. उपकेंद्र सांभाळून तो करता येत नाही. कमावत्या बाईला तीन वर्षे पगाराविना काढणे म्हणजे काय, याचा हिशेब ज्या घरात शेतीचे उत्पन्न पावसावर असते तिथे तोंडपाठ असतो.

तिसरा मार्ग अनेकींना सुरुवातीलाच बंद झालेला असतो, तो म्हणजे थेट बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांच्या या पदवीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. ज्या गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा तेवढी आहे, तिथल्या मुलीचा परिचर्येतला मार्ग अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच ठरून जातो, आणि त्या दिवशी तिच्या मनात परिचर्या असेलच असेही नाही. एएनएम आणि जीएनएम या दोन्हींना कला शाखा चालते. म्हणून त्या मुलीसाठी पदवीचा रस्ता वळसा घेऊन जातो: आधी जीएनएम, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी.

खरी विसंगती दिसते ती येथेच. जीएनएम झालेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येते. तिला पुन्हा चार वर्षे बसावे लागत नाही, कारण तिचे आधीचे शिक्षण धरले जाते. बारावी विज्ञानाची अटही तिला नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये तर हीच पदवी नोकरी करणाऱ्या परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने सुरू केली. दहावीनंतर जीएनएम झालेल्या जुन्या परिचारिकांनाही अधिक वर्षांच्या अनुभवावर त्यात प्रवेश ठेवला. अनुभवाला शिक्षणात रूपांतरित करण्याची पद्धत भारतीय परिचर्येला ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. ठाऊक होती, ती मधल्या पायरीपासून वर वापरली गेली, खालच्या पायरीवर नाही.

सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये परिचर्येचा पुन्हा समग्र विचार केला. तिने दोनच स्तर सुचवले: पदवीधर व्यावसायिक परिचारिका आणि दोन वर्षांच्या व्यवसायशिक्षणातून येणारी सहाय्यक. असलेल्या पदविकाधारकांना पदवीपर्यंत जाण्याची संधी चालू ठेवावी, असेही सांगितले. पदविकाधारकांची काळजी येथेही आहे, आणि ती रास्तच. पदविकाधारकांची संघटना जुनी होती, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासूनची. वॉर्डात एकत्र काम करणाऱ्यांचा आवाज एकत्र निघतो. साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एकटीने बसणाऱ्या आरोग्यसेविकेचा आवाज तसा निघणे अवघड, हा निष्कर्ष थोडा धाडसी वाटेल, पण तो बाजूला ठेवून हा इतिहास नीट वाचता येत नाही.

आणखी एक बाब सहसा नजरेतून सुटते. जीएनएम आणि बीएस्सीला पुरुषांनाही प्रवेश आहे. एएनएम मात्र फक्त स्त्रियांसाठी. जिन्याची जी पायरी सर्वांत खाली आणि वर जायला सर्वांत अवघड, तीवर केवळ बायका उभ्या आहेत.

नव्वदीच्या आसपास औरंगाबादचे चित्र बदलू लागले. महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे, डॉ. हेडगेवार रुग्णालयही १९८९ चे. वाळूजच्या उद्योगांसोबत शहर वाढले, खासगी रुग्णालये वाढली, नर्सिंगच्या शाळा वाढल्या. खासगी क्षेत्रात एएनएम झालेल्या मुलीही वॉर्डात काम करू लागल्या. सरकारी आराखड्याने खेड्यासाठी घडवलेली सहाय्यक परिचारिका अशा रीतीने शहरातल्या खाटेपाशी पोहोचली, तीही जिन्याने नव्हे, बाजाराच्या दाराने. एका पाळीत, एका वॉर्डात, एएनएम आणि जीएनएम शेजारी शेजारी. फरक उरला तो वेतनाचा आणि बढतीचा. जीएनएमचे तीन वर्षांचे गणित पुन्हा मांडावे असे वाटायला लावणारी जागा हीच.

ब्रिटनने आपली दुसरी यादी कशी संपवली, हे ताडून पाहण्याजोगे आहे. १९६१ मध्ये तिथल्या सहाय्यक परिचारिकेच्या नावातला 'सहाय्यक' शब्दच कायद्याने काढून टाकला गेला. पुढे ऐंशीच्या दशकाअखेरीपासून ती श्रेणी हळूहळू बंद करण्यात आली आणि आधीच सेवेत असलेल्यांसाठी रूपांतराचे अभ्यासक्रम काढले गेले. ते मिळवताना अनेकींना बरीच वर्षे ताटकळावे लागले. तिथलाही इतिहास गोडगुलाबी नाही. अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सचा वर्ग आजही आहे, पण तिला नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी सेतू अभ्यासक्रम आहेत आणि त्यांत तिचे आधीचे शिक्षण धरले जाते. एकाने खालचा मजला काढला, दुसऱ्याने जिना बांधला. भारताने मजला ठेवला.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर झाला आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी नवी चौकट आली. तिच्यातही दोन वर्ग आहेत: व्यावसायिक आणि सहयोगी. 'सहाय्यक'चा 'सहयोगी' झाला. या दोन वर्गांमध्ये श्रेयांक पुढे नेता येतील का, हा १९५० चा अनुत्तरित प्रश्न आता नव्या आयोगाच्या दारात आहे.

तोवर कन्नड किंवा फुलंब्रीची एखादी आरोग्यसेविका जीएनएम होऊन येते, तेव्हा परिषदेकडे तिची परिचारिका म्हणून नव्याने नोंद होते. अधिपरिचारिकेच्या भरतीत ती नव्या उमेदवारांच्या रांगेत उभी राहते. निवड झाली, तर ज्येष्ठता यादीत तिची सेवा त्या दिवसापासून मोजली जाते, आणि उपकेंद्रावरची वर्षे जिल्हा परिषदेच्या सेवापुस्तकात राहतात.